कठीण पोलाद, पिळाचा भार आणि पहिला तडा

डिचोली तालुक्यातील नार्वे हे गाव मांडवी नदीच्या काठी वसलेले असून तेथून दिवाडी बेटावर जाण्यासाठी फेरीबोटीची सोय आहे. विद्यार्थी, नोकरदार, बाजारहाटास निघालेल्या स्त्रिया आणि दुचाकी वाहने ही सर्व या एका बोटीवर चढतात आणि काही मिनिटांत पैलतीरी उतरतात. गोकुळाष्टमीच्या तीर्थस्नानासाठी येणार्‍या भाविकांचीही त्यांत भर पडते. बोटीच्या तळाशी असलेला आणि इंजिनाची शक्ती पाण्यातील पंख्यापर्यंत पोचविणारा पोलादी दांडा या प्रवाशांपैकी फारच थोड्यांनी पाहिलेला असेल. परंतु सर्वांचा भरवसा त्या दांड्यावरच असतो. तो तुटला तर इंजिन चालू राहते, पंखा मात्र थांबतो आणि पावसाळ्यातील ओढीत बोट निराधार होते.

असाच दुसरा दांडा डिचोलीकरांच्या परिचयाचा आहे. खाणीवरून नदीकाठच्या धक्क्यांपर्यंत खनिज वाहणार्‍या ट्रकांच्या मागील चाकांना फिरविणारा हा दांडा गॅरेजमध्ये ‘हाफ शाफ्ट’ किंवा नुसता ‘एक्सल’ या नावाने ओळखला जातो. अवजड ट्रकात तो तुटल्यास चाक निखळत नाही, कारण चाकाचा भार बाहेरील नळीवर असतो. तथापि इंजिनाचा चाकांशी असलेला संबंध सुटतो आणि उतारावर इंजिनाच्या ओढीने गाडी आवरणे अशक्य होते. ज्या गाड्यांचा हातब्रेक गिअरपेटीमागील दांड्यावर बसविलेला असतो, त्यांचा तो ब्रेकही निरुपयोगी ठरतो. गोव्यातील खाणी २०१२ साली बंद पडल्या, मध्यंतरी सुरू होऊन २०१८ साली पुन्हा थांबल्या आणि २०२४ साली डिचोलीत खनिज काढण्यास पुन्हा प्रारंभ झाला. उभ्या राहून गंजलेल्या गाड्या अशा वेळी पुन्हा रस्त्यावर येतात, म्हणून हा विषय आज विशेष लक्ष देण्याजोगा आहे.

दांडा तुटला की “काल संध्याकाळपर्यंत ठीक होता, आज अचानक गेला” असे हमखास ऐकावयास मिळते. वस्तुतः तो अचानक गेलेला नसतो. त्याच्या अंगात कित्येक महिन्यांपूर्वी, डोळ्यांस न दिसणार्‍या एखाद्या ठिकाणी तडा जन्मास आलेला असतो. त्याला उत्तर म्हणून “पुढच्या वेळी अधिक कठीण पोलादाचा दांडा घाला” असा जो सल्ला दिला जातो, तो अनेकदा अपुरा असतो. तो अपुरा का, हे सांगणे हाच या लेखाचा उद्देश आहे.

पीळ दांड्यास काय करतो?

ओले धोतर पिळताना एक टोक एका दिशेने व दुसरे टोक विरुद्ध दिशेने फिरविले जाते. दांड्याच्या बाबतीत इंजिन एका टोकास फिरविते व चाक किंवा पाणी दुसर्‍या टोकास अडविते. परिणाम तोच होतो. शिक्षकांना वर्गात हे दाखविणे सोपे आहे. सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरून तिच्यावर खडूने लहान चौकोन काढावा आणि दोन्ही टोके उलट दिशांना पिळावीत. चौकोन कलून समभुज चौकोनाचा आकार घेतो. त्याचा एक कर्ण लांबतो व दुसरा आखूड होतो. यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी की, ट्यूबच्या लांबीला समांतर आणि लांबीला काटकोनात असणार्‍या पातळ्यांवर पदार्थाचे थर एकमेकांवरून सरकू पाहतात. या सरकविणार्‍या जोरास शास्त्रीय परिभाषेत कर्तन-प्रतिबल म्हणतात. दुसरी गोष्ट अशी की, लांबीशी ४५ अंशांचा कोन करणार्‍या दिशेत पदार्थ ताणला जातो.

आता खडूची अखंड कांडी दोन्ही हातांत धरून पिळावी. ती तिरक्या, मळसूत्रासारख्या वळणाने तुटते, कारण खडू ताण सोसू शकत नाही. उलट बांबूची वाळलेली काडी पिळली तर ती लांबीच्या दिशेने चिरते, कारण तिचे धागे एकमेकांवरून सरकण्यास फारसा विरोध करीत नाहीत. भार एकच, पण पदार्थाचा जो दुबळा भाग असेल तेथे तो मोडतो. पोलादाचा दांडा परिस्थितीनुसार या दोहोंसारखा वागू शकतो, म्हणून हे दोन्ही प्रयोग ध्यानात ठेवावेत.

पिळाचा जोर दांड्याच्या मध्यरेषेवर शून्य असतो व पृष्ठभागावर सर्वांत अधिक असतो. उदाहरणार्थ, ५० मिलिमीटर व्यासाच्या भरीव दांड्यावर ८०० किलोग्रॅम-मीटर इतका पीळ आला असे समजू. म्हणजे एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला ८०० किलोग्रॅम वजन टांगावे तितका. पिळाला सोळाने गुणून त्यास पाय (३·१४१६) व व्यासाचा घन यांच्या गुणाकाराने भागले असता पृष्ठभागावर दर चौरस मिलिमीटरला सुमारे ३२·६ किलोग्रॅम इतके कर्तन-प्रतिबल येते. आता झिजल्यामुळे किंवा घासून साफ केल्यामुळे तोच दांडा ४७·५ मिलिमीटर, म्हणजे केवळ पाच टक्क्यांनी बारीक झाला, तर प्रतिबल जवळजवळ सतरा टक्क्यांनी वाढते, कारण व्यासाचा घन करावा लागतो. आयुष्य मात्र त्याहून वेगाने घटते. ते प्रतिबलाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात कमी होते असे ढोबळमानाने धरले, तरी दांड्याचे आयुष्य निम्म्याहूनही कमी उरते.

हेलकाव्यांची संख्या

एकदाच दिलेला भार सहज सोसणारे पोलाद तोच किंवा त्याहून कमी भार लाखो वेळा दिल्यास मोडते. या प्रकारास धातूची श्रांती असे नाव आहे. क्लच सोडून गाडी ओढू लागली की ट्रकच्या दांड्यावर पिळाचा एक हेलकावा पुरा होतो. एका फेरीत असे साठ हेलकावे, दिवसाकाठी आठ फेर्‍या आणि वर्षाकाठी अडीचशे दिवस असे गृहीत धरल्यास वर्षाला १,२०,००० हेलकावे होतात. फेरीबोटीच्या पंख्याचा हिशेब याहून निराळा आहे. चार पात्यांचा पंखा मिनिटाला ४०० वेळा फिरतो असे मानले तर प्रत्येक पाते बोटीच्या बुडाजवळून जाताना पाण्याच्या विरोधात थोडा फरक पडतो, म्हणजे मिनिटाला १,६०० लहान हेलकावे बसतात. दहा तासांच्या एका दिवसात ही संख्या ९,६०,००० वर जाते. हे हेलकावे लहान असतात हे खरे. परंतु धक्क्याला लागताना पंखा उलटा फिरविला की पिळाची दिशाच बदलते आणि त्यांत मोठ्या हेलकाव्यांची भर पडते.

श्रांतीची जाणीव मानवाला फार मोठी किंमत देऊन झाली. १८४२ च्या मे महिन्यात फ्रान्समधील व्हर्सायहून पॅरिसकडे येणार्‍या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि पन्नासाहून अधिक माणसे प्राणास मुकली. हादर्‍यांमुळे लोखंड ‘स्फटिकमय’ होऊन ठिसूळ बनते, अशी त्या काळी समजूत होती. आपल्याकडील काही मेस्त्री आजही असेच सांगतात. पोलाद हे मुळातच स्फटिकांचे बनलेले असते, त्यामुळे हे स्पष्टीकरण टिकत नाही. रँकिन या स्कॉटिश अभियंत्याने १८४३ साली दाखवून दिले की, आसाचा व्यास जेथे एकदम बदलतो त्या कोपर्‍यातून तडा आत शिरतो, सबब तेथे गोलाई ठेवावी. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर याने रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून भार आणि हेलकाव्यांची संख्या यांचा संबंध प्रस्थापित केला. त्याने वाकविण्याबरोबरच पिळण्याचेही प्रयोग केले होते.

तडा नेमका जन्मतो तो कसा, हे इंग्लंडमध्ये युइंग व हम्फ्री यांनी १९०३ साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. लोखंडाच्या स्फटिकांतील थर पत्त्यांच्या जोडाप्रमाणे एकमेकांवरून सरकतात. भार उलटला की ते मागे येतात, परंतु जसेच्या तसे नव्हे. पुनःपुन्हा पिसलेल्या पत्त्यांच्या कडा जशा कमीजास्त बाहेर राहतात, तशा पृष्ठभागावर सूक्ष्म उंचवटे व खाचा तयार होतात. अशी एखादी खाच खोल होत गेली की तिलाच तडा म्हणावयाचे.

कठीण पोलादाचा हळवेपणा

साधे पोलाद दर चौरस मिलिमीटरला ४५ किलोग्रॅमच्या आसपास ताण सोसते. त्यात निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम अशा धातूंची भर घालून, तापवून तेलात किंवा पाण्यात विझविले आणि पुन्हा बेताने तापविले, की ही शक्ती १०० किलोग्रॅमच्या वर नेता येते. आपला लोहार कोयत्याला ‘पाणी देतो’ ती क्रिया तत्त्वतः हीच होय. अशा पोलादात थरांचे सरकणे अवघड होते. मग त्याला तडा पडूच नये, असे कोणासही वाटेल.

प्रत्यक्षात तसे घडत नाही. साधारणपणे ताणशक्तीच्या निम्म्याइतका वाकविण्याचा हेलकावा पोलाद दीर्घकाळ सोसते, आणि पिळाच्या बाबतीत ही मर्यादा त्याच्याही सुमारे ६० टक्के असते. परंतु हा नियम ताणशक्ती १४० किलोग्रॅमच्या आसपास पोचेपर्यंतच भरवशाचा आहे. पुढे कठीणपणा वाढविला तरी श्रांतीची मर्यादा त्या मानाने वाढत नाही, उलट ती बेभरवशाची होते. एकाच घाणीच्या दोन दांड्यांपैकी एक वर्षानुवर्षे टिकतो व दुसरा सहा महिन्यांत जातो.

याचे कारण पोलादाच्या पोटात असते. वितळलेल्या पोलादातील ऑक्सिजन काढण्यासाठी ॲल्युमिनियम वापरतात. त्यापासून झालेले अतिकठीण भस्माचे कण काही प्रमाणात आत राहतात. गंधक व मँगॅनीज यांच्या संयोगाने झालेले मऊ कणही राहतात आणि पोलाद लाटताना ते शेवयांसारखे लांबट होतात. हे कण बहुधा मिलिमीटरच्या काही शतांशांहून मोठे नसतात. माणसाचा केससुद्धा त्यांच्यापुढे जाड ठरतो. मऊ पोलादात अशा कणाभोवतीचा धातू थोडासा सरकतो आणि जोर आजूबाजूस वाटून देतो. कठीण पोलादाला ही सवलत नसते. त्यात सगळा जोर कणाच्या कडेवर एकवटतो आणि तेथेच तडा उघडतो. जपानमधील मुराकामी या शास्त्रज्ञाने १९८० नंतरच्या काळात दाखवून दिले की, अशा कणाचा प्रभाव मुख्यत्वे भाराच्या आड येणार्‍या त्याच्या क्षेत्रफळावरून मोजता येतो. तो कण आहे की पोकळी की ओरखडा, हा प्रश्न दुय्यम ठरतो.

या शेवटच्या वाक्याचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. कारखान्याने महागड्या प्रक्रियेने स्वच्छ केलेल्या पोलादावर आपण पान्याने, हातोडीने किंवा ग्राइंडरने एक ओरखडा काढला, तर पोलादातून काढून टाकलेला दोष आपण पृष्ठभागावर परत आणून ठेवतो, आणि तोही पिळाचा जोर सर्वांत अधिक असतो त्या जागी. साधे पोलाद असा ओरखडा बर्‍याच अंशी माफ करते, कठीण पोलाद करीत नाही.

पिळाच्या बाबतीत लांबट कण विशेष घातक ठरतात. दांड्याच्या लांबीला समांतर पातळीवर सरकविणारा जोर असतो हे ट्यूबच्या प्रयोगात दिसलेच. नेमक्या त्याच दिशेने हे शेवयांसारखे कण पसरलेले असतात. त्यामुळे पहिला तडा पुष्कळदा बांबूच्या काडीप्रमाणे लांबीच्या दिशेने सुरू होतो. तो थोडासा वाढला की त्याच्या टोकाशी ताणाचा जोर प्रबळ होतो आणि तडा वळून ४५ अंशांची वाट धरतो, म्हणजे तेथून पुढे तो खडूप्रमाणे वागतो. भार मोठा असल्यास सरळ तडा बराच लांब जातो. भार बेताचा पण हेलकावे अनेक असल्यास वळण लवकर येते. कित्येक दांड्यांचा केवळ वरचा थर विजेच्या साहाय्याने तापवून कठीण केलेला असतो. त्यांत तडा वरच्या थराखाली, कठीण व मऊ भागांच्या सीमेवरही जन्मू शकतो आणि वरून पाहणार्‍यास काहीच दिसत नाही.

तुटलेला तुकडा काय सांगतो?

तुटलेला दांडा भंगारात टाकण्यापूर्वी त्याचे तोंड उजेडात पाहावे. तोंड दांड्याला काटकोनात, सपाट आणि भोवर्‍यासारख्या वळांचे असेल तर बहुधा एकाच वेळी आलेल्या अतिभाराने लवचिक दांडा पिळून तुटला, असे समजावे. तोंड तिरके, मळसूत्री असून त्यावर भरतीच्या लाटांनी वाळूवर सोडाव्यात तशा एकाआड एक कमानी दिसत असतील, तर ती श्रांतीची खूण होय. त्या कमानी ज्या बिंदूभोवती फिरतात तेथे तड्याचा जन्म झालेला असतो. तेथे बोट ठेवले की बहुतेक वेळा चावीच्या खाचेचा कोपरा, गंजाचा खड्डा, ठोकून काढलेला आकडा अथवा वेल्डिंगचा शिंतोडा सापडतो. काहीच न सापडल्यास पोलादातील कणाचा संशय घ्यावा.

पीळ दोन्ही दिशांनी बसत असेल तर तडे एकमेकांना छेदून फुलीचा आकार करतात. दांड्याच्या टोकाला दाते असल्यास प्रत्येक दात्याच्या मुळाशी असे तडे निघून तुटलेले तोंड चांदणीसारखे दिसते. मागेपुढे फार करावे लागणार्‍या गाडीत ही चांदणी दिसल्यास दोष एका दात्याचा नसून पिळाच्या उलटसुलट होण्याचा आहे, हे जाणकार मेस्त्री लगेच ओळखतो.

खारे पाणी आणि कंप

फेरीबोटीच्या दांड्याला दोन शत्रू अधिक आहेत. पहिला म्हणजे खारे पाणी. भरतीचे पाणी मांडवीतून बरेच आत येते. हवेत पोलादाला श्रांतीची एक मर्यादा असते आणि तिच्या खालचे हेलकावे ते जवळजवळ अमर्याद सोसते. खार्‍या पाण्यात ही मर्यादाच नाहीशी होते, असे अमेरिकेत मॅकॲडम याने १९२० नंतरच्या दशकात केलेल्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. लहान हेलकावेही मग हिशेबात धरावे लागतात, आणि पोलाद अधिक कठीण केल्याने या बाबतीत फारसे काहीच हाती लागत नाही. दांड्यावरील पितळी वा काशाचे आवरण निसटले किंवा त्याच्या कडेने पाणी आत शिरले, तर तेथेच तड्याची जागा तयार होते.

दुसरा शत्रू कंप. विसाव्या शतकाच्या आरंभी मोठ्या आगबोटींचे भक्कम दांडे हिशेबाप्रमाणे तुटावयास नको असता तुटत. हँबर्ग येथील फ्राम या अभियंत्याने १९०२ साली त्याचा उलगडा केला. इंजिनाचे ठोके आणि दांड्याचा स्वतःचा पिळाचा झोका यांचा ठराविक वेगाला मेळ बसतो आणि पाळण्याला वेळेवर दिलेल्या झोक्याप्रमाणे पीळ वाढत जातो. म्हणून अनेक बोटींच्या वेगदर्शकावर काही आकडे तांबड्या रंगात दाखविलेले असतात. त्या वेगावर रेंगाळू नये, तो ओलांडून जावे. इंजिन किंवा पंखा बदलल्यावर हे आकडेही बदलतात, ही गोष्ट दुरुस्तीच्या घाईत विसरली जाते.

कार्यशाळेत काय करता येईल?

तडा पडू नये म्हणून कारखाने दांड्यावर बारीक पोलादी छर्‍यांचा मारा करतात. त्यामुळे पृष्ठभाग दाबलेल्या अवस्थेत राहतो व तड्याचे तोंड उघडण्यास अडथळा होतो. अशा दांड्यावर नंतर ग्राइंडर फिरविणे म्हणजे विकत घेतलेले संरक्षण खरवडून टाकणे होय. क्रोमियमचा मुलामा देऊन झिजलेला कठीण दांडा भरून काढण्याची रीत आहे. परंतु मुलामा देताना पोलादात हायड्रोजन शिरतो व तो ताबडतोब भट्टीत तापवून घालविला नाही तर दांडा ठिसूळ होतो. तुटलेला हाफ शाफ्ट वेल्डिंगने जोडून चालविणे तर सर्वस्वी धोक्याचे आहे, कारण जोडाशेजारचा पट्टा कोठे अतिकठीण व कोठे मऊ होतो. नवा दांडा लेथवर करून घ्यावयाचा असल्यास “कठीण पोलाद घ्या” एवढेच सांगून भागत नाही. व्यास बदलतो तेथे पुरेशी गोलाई, चावीच्या खाचेचे कोपरे गोल, पृष्ठभाग गुळगुळीत आणि कोठेही आकडा न ठोकणे या चार गोष्टी लिहून द्याव्यात. पुणे येथे १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेसारख्या ठिकाणी वाहनांच्या भागांची श्रांतीची चाचणी होते. लेथवर केलेल्या एकेकट्या दांड्याला ती सोय मिळत नाही, म्हणून त्याची तपासणी अधिक कसोशीने करावी.

तपासणीची जुनी आणि स्वस्त रीत रॉकेल व खडूची आहे. दांडा स्वच्छ करून काही वेळ रॉकेलमध्ये बुडवावा, बाहेर काढून कोरडा पुसावा आणि त्यावर खडूच्या पुडीचा पातळ लेप द्यावा. तड्यात शिरलेले रॉकेल हळूहळू वर येऊन खडूवर काळसर रेघ उमटविते. मोठ्या कार्यशाळेत चुंबकीय चाचणीची सोय असते. दांडा चुंबकित करून त्यावर लोखंडाची बारीक भुकटी टाकली की ती तड्यावर जमते. मात्र येथे एक दक्षता आवश्यक आहे. दांड्याभोवती वेटोळे घालून चुंबकित केल्यास आडवे तडे दिसतात, पण लांबीच्या दिशेचे तडे निसटतात. त्यांच्यासाठी वीजप्रवाह प्रत्यक्ष दांड्यातून सोडावा लागतो. पिळाचा पहिला तडा पुष्कळदा लांबीच्या दिशेचाच असल्यामुळे दोन्ही प्रकारे तपासल्यावाचून दांडा निर्दोष ठरवू नये.

कठीण पोलादाच्या आयुष्याचा फार मोठा भाग तडा दिसण्याजोगा होण्यापूर्वीच सरलेला असतो. एकदा तो दिसला की उरलेले दिवस थोडे असतात. म्हणून तडा आढळलेला दांडा “हा हंगाम निघेल” अशा हिशेबाने परत बसवू नये. तुटलेले दोन्ही तुकडे एकमेकांवर घासून जुळवून पाहण्याचा मोह आवरावा, कारण त्यामुळे कमानींच्या खुणा पुसल्या जातात. तोंडांना तेलाचा हात लावावा, ती कोरड्या कापडात गुंडाळावीत, आणि गाडीचा वा बोटीचा क्रमांक, दांडा बसविल्याची तारीख व तुटण्याच्या वेळचा भार यांची चिठ्ठी बांधून ते तुकडे तपासणार्‍याकडे सोपवावेत.